पाठींची बैठक

"या यंत्रातून शिक्षकांच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं का?"

भिंगरीने हे विचारलं आणि आईच्या मांडीवरची पर्स खाली पडली. बाबांनी उगाच छताकडे पाहिलं. खरं तर प्रश्न भिंगरीचा नव्हता. सुट्टी लागायच्या दिवशी तिच्या दोन मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात घातला होता. "विचारून दाखव तुझ्या कानवाल्या मॅडमना," असं उंच मैत्रीण म्हणाली होती, आणि चष्मेवालीने "ही कसली विचारतेय" म्हणून वर तेल ओतलं होतं. वर्षापूर्वीच्या भिंगरीने खरोखरच विचारलं नसतं. पण नववीच्या वर्षात तिला कुठून कोण जाणे, नवीच धिटाई फुटली होती. हल्ली तिला कुणी 'दाखव' म्हटलं की ती दाखवून मोकळी होत असे.

श्रवणतज्ज्ञ मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला. "हे यंत्र आहे गं, हेर नाही. भिंतीपलीकडचं नाही येणार. पण कुणी तुझ्या मागे उभं राहून बोललं, चार जण एकदम बोलले, पंखा चालू असताना बोलले, अंधारात बोलले, तरी गोंगाट बाजूला सारून त्यातलं बोलणं तेवढं ते तुझ्या कानात घालेल. म्हणजे घालायला हवं. घालतं की नाही, तेच तर तपासायचंय आपल्याला."

"अंधारात?" भिंगरीने विचारलं. "परत सांगा."

"अंधारातसुद्धा."

भिंगरी खुर्चीत एकदम ताठ बसली. तिच्या डोक्यात तेव्हापासून दुसरं काही राहिलंच नाही.

चार वर्षांची असल्यापासून तिला कमी ऐकू यायचं. जुनी यंत्रं होती, पण त्यांना अक्कल नव्हती. ती सगळंच मोठं करायची, आईचं बोलणंही आणि खुर्चीचं कुरकुरणंही, दोन्ही सारख्याच इमानदारीने. त्यामुळे भिंगरी कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकायची. बोलणाऱ्याचे ओठ दिसावेत म्हणून ती सारखी गर्रकन वळायची, या तोंडाकडून त्या तोंडाकडे, आणि म्हणूनच ती भिंगरी. मात्र अंधारात ओठ दिसत नाहीत. गेल्या वर्षी शाळेचं आठ दिवसांचं आकाशदर्शन शिबिर होतं, तेव्हा तिने स्वतःच नाव दिलं नव्हतं. सगळे माना वर करून ग्रह-तारे ऐकणार आणि आपण काळोखात मास्तरांचं तोंड शोधत बसणार, हे तिला नको होतं. यंदा तिने संमतीपत्र आणून बाबांच्या हातात दिलं होतं. बाबा "बघू" म्हणाले होते. पत्र शाळेत पोहोचवायची शेवटची तारीख होती पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत.

आणि नेमक्या त्याच शुक्रवारी दुपारी मॅडमकडे पहिली तपासणी होती. कृत्रिम बुद्धिमत्तेची ही नवी यंत्रं अजून बाजारात यायची होती. चाचणीला बसलेल्या प्रत्येकाला एकेक परिसर वाटून दिला होता. एकाला कारखाना, एकीला बाजार, एका आजोबांना बसथांबा. भिंगरीच्या वाट्याला आलं घर.

"यंत्र तुझ्या घरातल्या गोंगाटातून शिकत जाईल," मॅडम म्हणाल्या. "रोज संध्याकाळी फोनवर त्याचा अहवाल येईल. आणि ही वही. कोण बोललं, तोंड कुठे होतं, आजूबाजूला आवाज कसला होता आणि तुला काय ऐकू आलं, ते रोज लिहायचं. ऐकू आलेलं वाक्य शब्दशः लिही. मला गोळाबेरीज नको. पहिल्या तपासणीपर्यंत यंत्र पुरेसं शिकलं नाही, तर ते यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावं लागेल."

"शिकेल," भिंगरी म्हणाली. "मी शिकवीन त्याला."

पहिल्या संध्याकाळी फोनवर अहवाल आला. परिसर: वाचनालय. अडचण: नाही. शिकण्यासारखं: काही नाही.

भिंगरीला वाटलं, पहिलाच दिवस आहे, बावरलं असेल बिचारं. दुसऱ्या दिवशीही वाचनालय. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी यंत्राने स्वतःहूनच विचारलं: आपण यंत्र कानात घातलं आहे का?

मग मात्र तिने मॅडमना फोन लावला. मॅडमनी आईला, बाबांना आडवेतिडवे प्रश्न विचारले आणि दहा मिनिटांत घोळ उघडा पडला. या घराने दहा वर्षांत भिंगरीसाठी बोलण्याची अशी काही शिस्त लावून घेतली होती की तिथे गोंगाट म्हणून शिल्लकच नव्हता. आई घरी शिवणकाम करायची. जगातल्या सगळ्या शिंपिणी तोंडात टाचण्या धरून बोलतात, पण ही आधी सगळ्या टाचण्या उशीत खोचायची, शिलाईयंत्र थांबवायची, मग भिंगरीकडे वळून बोलायची. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. ओठ नीट दिसावेत म्हणून त्यांनी दहा वर्षांपूर्वी आपली झुपकेदार मिशी उतरवली होती, आणि तिच्या आठवणीने ते अजूनही कधीमधी वरच्या ओठावरून बोट फिरवायचे. दोघं कधी एकदम बोलत नसत. हाक मारायची तर दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद करत. जेवताना घास संपेपर्यंत चकार शब्द नाही.

"अहो, तुमच्या घरात यंत्राला कामच काय उरलंय?" मॅडम म्हणाल्या. "सगळं काम तुम्हीच करून ठेवताय."

"मग काय करायचं?" आईने विचारलं.

"जरा वाईट बोला. इतर घरांत बोलतात तसं."

मॅडमनी फोन ठेवला. मग भिंगरी उठली, तिने भूगोलाच्या वहीतलं मधलं पान फाडलं, त्यावर वेळापत्रक आखलं आणि फ्रिजवर चिकटवलं. शुक्रवारला आठ दिवस उरले होते. "उद्यापासून," ती म्हणाली, "या घरात कुणी सरळ बोलायचं नाही."

पण शिस्त मोडणं हे शिस्त लावण्याहून कठीण निघालं. सकाळी आईने वेळापत्रकाप्रमाणे तोंडात सहा टाचण्या धरल्या, "आज" म्हणाली, आणि लगेच टाचण्या काढून समोर येऊन म्हणाली, "अगं, मी काय म्हणत होते, आज पाणी लवकर जाणार आहे."

"आई, टाचण्या."

"हो गं, पण तुला कळलं पाहिजे ना."

"मला नाही, यंत्राला कळलं पाहिजे. आत ठेव त्या."

बाबांची तर त्याहून वाईट गत. त्यांनी दुसऱ्या खोलीतून बोलायचं होतं. ते आतून "भिंगरी" म्हणायचे, आणि पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत पळत बाहेर येऊन तिच्यासमोर उभे राहायचे. सातदा असं झाल्यावर भिंगरीने दाराला बाहेरून कडी लावली. मग दाराखालच्या फटीतून चिठ्ठी आली: 'मी बोलू का?'

एक काम मात्र बाबांनी जीव ओतून केलं. "ओठ झाकले पाहिजेत," ते म्हणाले. "चाचणी म्हणजे चाचणी. मी मिशी ठेवतो."

"अहो, आठवड्यात कितीशी येणार?" आईने विचारलं.

"येईल तेवढी येईल. विज्ञानासाठी एवढंही करायचं नाही का?"

घरच्यांच्या भरवशावर हे भागणार नाही हे ओळखून भिंगरीने वरच्या मजल्यावरच्या आत्याला बोलावलं. आत्या शाळेत कवायत शिकवायची. तिचा आवाज तीन मैदानं ओलांडून जायचा, आणि या घरात येताना ती दहा वर्षं तो दाराबाहेर ठेवून येत होती. "म्हणजे मी मोकळेपणी बोलू शकते?" तिने दोनदा खात्री करून घेतली, आणि बाह्या सरसावून जी बोलायला बसली ती जेवायलाच थांबली. जेवतानाही थांबली नाही. भिंगरीने तिला स्वयंपाकघरात उभं केलं, आईला शिलाईयंत्र चालू करायला लावलं, पंखा पाचवर नेला, आणि बाबांना पलीकडच्या खोलीतून पाणीपुरवठ्याचे नियम वाचायला बसवलं.

संध्याकाळचा अहवाल: परिसर: पाळणाघर.

"पाळणाघर?" आत्या म्हणाली. "माझा आवाज तुझ्या यंत्राला तान्ह्या पोराचा वाटतो होय?"

"आत्या, हे चांगलंय. वाचनालयातून बाहेर पडलो आपण."

दुसऱ्या दिवशी रेल्वे स्थानक. तिसऱ्या दिवशी बांधकामाची जागा. भिंगरीची वही भराभर भरू लागली. आत्याचं अर्धंमुर्धं, बाबांचं तुकड्यातुकड्यांत, पण रोज थोडं जास्त ऐकू येत होतं. आधी सगळा गोंगाट एकाच काल्यासारखा यायचा. आता त्यातून आईचा आवाज वेगळा निघायचा, मग बाबांचा, जणू कुणी गुंता झालेल्या दोऱ्यांमधून एकेक रंग ओढून हातात देत होतं.

तिसऱ्याच दिवशी दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक उभे होते.

"दहा वर्षं या घरातून आवाज म्हणून आला नाही," ते म्हणाले. "मी लोकांना तुमचे दाखले देत असे. आणि आता हे काय चाललंय? भांडणं होतायत का तुमच्यात?"

"नाही सर, सराव चाललाय," भिंगरी म्हणाली. "सर, जरा पलीकडे तोंड करून बोलाल का? आणि थोडं पुटपुटत."

"मी तक्रार करायला आलोय."

"हो, तीच करा. पण जिन्याकडे बघून."

मुख्याध्यापकांना राग आला खरा, पण चाळीस वर्षं विद्यार्थ्यांनी पाठीमागे पुटपुटलेलं ऐकलेला माणूस तो. आपणही एकदा पुटपुटून बघावं ही संधी त्यांना सोडवेना. त्यांनी जिन्याकडे तोंड करून इतकी कळकळीची, इतकी शब्द गिळून गिळून बोललेली तक्रार केली की भिंगरीने तिला वहीत अख्खं पान दिलं. तेव्हापासून ते रोज पाचला तक्रार घेऊन हजर व्हायचे. एकदा तर "आज काही विशेष नव्हतं, पण खाडा केला तर बरं दिसणार नाही" असं म्हणून त्यांनी हवामानाबद्दल तक्रार केली.

या सगळ्यात संमतीपत्राचं काय झालं ते भिंगरीने दोनदा विचारलं. बाबा दोन्ही वेळा मिशीवरून बोट फिरवत "बघू" म्हणाले. मिशी तोवर दात घासायचा जुना ब्रश आडवा चिकटवावा तशी दिसायला लागली होती.

गुरुवार उजाडला. वहीत एकच रकाना रिकामा होता: 'दोन माणसं, दोघं पाठमोरी, वाहतं पाणी.' दुपारी भिंगरीने आईबाबांना मोरीपाशी ओट्याकडे तोंड करून उभं केलं, नळ सोडला, वर पंखा लावला. जिन्यात मुख्याध्यापक रेडिओ घेऊन बसले आणि आत्या वरून शिट्ट्या मारू लागली. भिंगरीने वाचायला वर्तमानपत्राचं कात्रण दिलं होतं, ते पहिल्या मिनिटातच भिजून बाबांच्या बोटांना चिकटलं.

"काहीही बोला," ती मागच्या टेबलावरून म्हणाली. "मनात येईल ते. फक्त वळायचं नाही."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. या घरात भिंगरीपासून काही लपवायचं असलं तर आईबाबा कधी खोलीबाहेर जात नसत. त्यांना गरजच नव्हती. नुसती पाठ फिरवली की झालं. तिच्या वाढदिवसाच्या भेटी, आत्याचं फिसकटलेलं लग्न, शाळेतून आलेली तक्रार, सगळं तिच्या डोळ्यांदेखत, चार हातांवर, पाठमोरं ठरायचं. भिंगरीला ते माहीत होतं. ती त्याला 'पाठींची बैठक' म्हणायची आणि बैठक संपायची वाट बघायची. दहा वर्षांची ती सवय. म्हणजे पाठ फिरली, खांद्याला खांदा लागला, नळ वाहायला लागला, की दोघांची तोंडं आपोआप मनातलं बोलू लागायची. चाचणी वगैरे त्यांच्या डोक्यात होती, पण खांद्यांना कोण सांगणार?

"शिबिराचं पत्र मी साखरेच्या डब्याखाली सरकवलंय," बाबा म्हणाले.

आईने ताटली विसळली. "अजून?"

"उद्या पाच वाजले की सुटलो. मग सांगू, या चाचणीच्या गडबडीत राहून गेलं."

"मला नाही आवडत हे. गेल्या वर्षी तिने नाव दिलं नाही, तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं, तेच मला टोचतंय अजून."

"अगं, काळोखात तिच्यापुढे तोंड आणून कोण बोलणार आहे? इथे आपण आहोत. तिथे तिला हाक मारायला कुणी दिवा चालू-बंद करणार आहे का?"

"यंत्र आहे ना."

"यंत्राचं मला काय सांगतेस, मध्ये ते आपल्याला रेल्वे स्थानक म्हणत होतं." बाबांनी बोटांना चिकटलेलं कात्रण सोडवलं. "आणि एक सांगू? मी बोलताना ती जशी बघते ना तोंडाकडे, तसं जगात कुणी माझं ऐकत नाही. कचेरीत मी बोलायला लागलो की लोक चहाला जातात. आठ दिवस काय करू मी?"

"माझ्याशी बोला."

"तू टाचण्या मोजत असतेस."

आई हसली. तिचा खांदा हललेला भिंगरीला मागून दिसला. एवढंच तिला आजवर दिसत आलं होतं, हलणारे खांदे. या वेळी मात्र खांद्यांबरोबर शब्दही आले. शिट्ट्या, रेडिओ, पंखा, नळ, सगळं बाजूला सरकलं आणि मधून हे दोन आवाज तिच्या कानात स्वच्छ उतरले.

तिची पेन्सिल थांबली. पहिल्यांदा तिला भयंकर राग आला. मग बाबांचा कळवळा आला. मग परत राग आला. उठून भांडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, साखरेचा डबा दाणकन आपटावासा वाटला. पण वहीच्या पहिल्या पानावर मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं: शब्दशः. भिंगरीने ओठ घट्ट मिटले आणि पहिल्या वाक्यापासून लिहायला घेतलं. काना-मात्रा न चुकवता, चहाला जाणाऱ्या लोकांसकट. शेवटच्या रकान्यात 'अडचण' असा शब्द छापलेला होता. त्यापुढे तिने लिहिलं 'नाही', आणि पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत त्याखाली रेघ ओढली.

"झालं का गं?" बाबांनी वळून, नीट तोंड समोर आणून विचारलं.

"झालं," भिंगरी म्हणाली. "मस्त झालं. आई, चहा करशील? साखर मी घालते."

पत्र चार घड्या घातलेलं होतं आणि त्यावर डब्याच्या बुडाचा गोल डाग पडला होता. चहा होईपर्यंत ते दप्तरात गेलं.

शुक्रवारी मॅडमच्या टेबलापाशी तिघं ओळीने बसले. मॅडमनी आधी फोनमधले अहवाल बघितले. वाचनालय, पाळणाघर, स्थानक, बांधकाम अशी यादी खाली खाली सरकवताना त्यांच्या भुवया वर वर जात होत्या. शेवटच्या दिवशी त्या थांबल्या.

"काल दुपारी काय केलंत तुम्ही? काल त्याने पहिल्यांदाच बरोबर ओळखलंय. परिसर: घर."

"पाठ करून उभे राहिलो होतो," बाबा अभिमानाने म्हणाले. "भांडी विसळत."

"वा. सगळ्यात कठीण परीक्षा ती. बघू वहीत किती उतरलंय." मॅडमनी पान उलटलं आणि, सकाळपासून कितीतरी जणांच्या वह्या वाचल्या असतील, त्याच सपाट सुरात मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "बाबा, पाठमोरे. वाहतं पाणी, पंखा, शिट्ट्या. वाक्य: शिबिराचं पत्र मी साखरेच्या डब्याखाली सरकवलंय."

बाबांचं बोट मिशीकडे निघालं होतं ते वाटेतच थांबलं.

"आई, पाठमोरी. वाक्य: अजून?" मॅडम पुढे वाचत गेल्या. त्यांचं सगळं लक्ष रकान्यांकडे होतं. "बाबा: उद्या पाच वाजले की सुटलो. हे 'सुटलो' सुद्धा पकडलंय, बरं का, शिट्टी चालू असताना. फार चांगलं. आई: मला नाही आवडत हे." मग मॅडमचा आवाज हळूहळू मंदावत गेला. कचेरीतले लोक चहाला गेले तिथे त्या पूर्ण थांबल्या, चष्मा काढला, पुसला, आणि उरलेलं मनातल्या मनात वाचलं.

खोलीत इतकी शांतता झाली की यंत्राला पुन्हा वाचनालय वाटलं असावं.

"तुला," आई म्हणाली. तिने पर्स घट्ट धरून ठेवली. "सगळं?"

"सगळं," भिंगरी म्हणाली. "टाचण्यांपर्यंत."

"यंत्र हिच्याकडेच राहील," मॅडम हळूच म्हणाल्या. "याच्याहून जास्त काय शिकायचं असतं त्याला." आणि कुणी न सांगताच त्यांनी टेबलावरचं पेन थोडं पुढे सरकवलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

दहा वर्षांत पहिल्यांदाच बाबांना भिंगरीच्या डोळ्यांसमोर तोंड धरवेना. ते आईकडे वळले, आई त्यांच्याकडे वळली, आणि सवयीने दोघांच्या पाठी हळूहळू फिरू लागल्या.

भिंगरीने दप्तरातून गोल डागाचं पत्र काढलं, टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केलं.

"आईबाबा, मी शिबिराला जाणार आहे," ती म्हणाली. "आठही दिवस. रोज काय काय ऐकू आलं ते लिहून आणीन, शब्दशः, आणि आल्यावर बाबांचं सगळं ऐकीन, तोंडाकडे बघून. पेन तिथे आहे. सही कुणी करायची ते तुम्ही ठरवा. पाठ फिरवून ठरवलंत तरी चालेल, मला येतंय ऐकू."